कट्यार लागलेला अर्थ

इना टेल्फरच्या वाट्याला 'सेट' हा शब्द आला तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं, पण तिच्या नजरेला नजर कोणीच दिली नाही. मोठा शब्द मिळणं हा इंग्रजी शब्दकोशाच्या कामात मान समजतात. मात्र मोठा म्हणजे लांबलचक नव्हे. लांबलचक ग्रीक शब्दाला एकच अर्थ असतो आणि तो दुपारच्या चहाच्या आत उरकतो. जीव खातात ते पोराटोरांच्या तोंडी असणारे चिमुकले शब्द. ज्या गृहस्थांकडे 'रन' होता, ते तो अर्धा टाकून वेल्समध्ये मधमाश्या पाळायला गेले, आणि त्यांचं काही चुकलं असं ऑफिसात कोणी म्हणत नव्हतं.

ऑफिस न्यूकॅसलमध्ये, एका बंद पडलेल्या पेढीच्या वरच्या मजल्यावर होतं. कामाची रीत साधी. देशभरातले हौशी वाचक पुस्तकं-वर्तमानपत्रं वाचताना शब्दाचा वापर दिसला की ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत. संपादकाने त्या चिठ्ठ्या लांब टेबलावर पसरायच्या, एका अर्थाच्या एका ढिगात लावायच्या आणि प्रत्येक ढिगाची व्याख्या लिहायची. इतर शब्दांना टेबलाचा कोपरा पुरे व्हायचा. 'सेट'ने टेबल गिळलं, मग खिडकीचा कठडा गिळला, मग इनाला शेजारच्या खोलीतून खुर्च्या ओढून आणाव्या लागल्या.

कारण सूर्य मावळतो तेव्हा तो सेट होतो. जेली थिजते ती सेट, आणि सिमेंट घट्ट होतं तेही सेटच. मोडलेलं हाड बसवणं, टेबल मांडणं, सापळा लावणं, घड्याळ लावणं, परीक्षेचा पेपर काढणं, करवतीचे दात वाकवणं, कोणाच्या अंगावर कुत्रं सोडणं हे सगळं सेट करणं. त्यात पुन्हा कपबश्यांचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट. लावायला आणलेले बारके कांदे म्हणजे सेट, आणि बिज्जू नावाचा प्राणी जमिनीखाली ज्या बिळात झोपतो ते बीळसुद्धा सेट. इना संध्याकाळी खोलीवर यायची तर घरमालकीण केसांना चिमटे लावून सेट करत बसलेली असायची, रेडिओच्या सेटवर बातम्या चालू असायच्या आणि शेल्फावर पेल्यात मालकिणीच्या दातांचा सेट. इनाला हसूही यायचं आणि रडूही.

तरी ती त्या शब्दाला पुरून उरली. तिसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे १९६१च्या जूनमध्ये, सगळे ढीग लागले, व्याख्या झाल्या आणि मजकूर छापखान्यात जायची वेळ आली. राहिला फक्त टेबलाच्या कडेचा एक लहानसा ढीग. इनाने तो जाणूनबुजून शेवटी ठेवला होता, आणि तिला वाटत होतं की हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

ऑब्री पिनक हे मुख्य संपादक. दिसायला मऊ, नियमाला दगड. पन्नास वर्षांत एखाद्या अर्थाचा छापील पुरावा मिळाला नाही तर तो अर्थ मेला, असा त्यांचा नियम. मेलेल्या अर्थापुढे कोशात कट्यारीची छोटी खूण छापत. त्यामुळे 'कट्यार मारणे' हा ऑफिसातला रोजचा वाक्प्रचार होता आणि डबा खाताखाताही लोक तो सहज वापरत. एक सवलत मात्र होती. संपादकाने तो अर्थ स्वतःच्या कानांनी ऐकला असेल तर कोणाच्या तोंडून, कुठे, केव्हा हे लिहून खाली सही करायची. मग कट्यार टळायची.

"मिस टेल्फर, हा ढीग अनाथासारखा का पडलाय?" शुक्रवारी पिनकसाहेबांनी विचारलं.

"निघालेल्या पाहुण्याबरोबर थोडं अंतर चालत जाणं," इना म्हणाली. "'थांबा, तुम्हाला फाटकापर्यंत सेट करतो.' असं. उत्तरेच्या डोंगरातला वापर आहे."

"उत्तरेच्या डोंगरातला म्हणजे तुमच्याकडचाच की! सगळ्यात अलीकडची चिठ्ठी कधीची?"

"माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीची."

"अरेरे. गोड आहे हो अर्थ." साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरं, तुम्ही ऐकलाय? घरी वगैरे? तुमची सही चालेल मला."

"नाही," इना म्हणाली. "मी नाही ऐकला."

साहेबांनी पेन्सिलीने कट्यार काढली. म्हणाले, सोमवारी मजकूर जातोय, तोपर्यंत काही सापडलं तर बघा.

एका स्वल्पविरामासाठी छापखान्याशी हमरीतुमरीवर येणारी ही बाई धडधडीत खोटं बोलली होती. तिच्या वडिलांच्या घरी हा शब्द आठवड्यातून चारदा तरी कानावर यायचा. पण ऐकला म्हटलं असतं तर कोणाच्या तोंडून तेही लिहावं लागलं असतं. आणि त्या माणसाने सगळ्या जगाला सेट केलं होतं, फक्त इनाला सोडून.

टेल्फरांच्या खोऱ्यात सेट करण्याची रीत पक्की होती. फेरीवाला, विमावाला असा परका माणूस असेल तर त्याला अंगणाच्या फाटकापर्यंत सेट करायचं. शेजारी, पाद्री, डॉक्टर यांना ओढ्यावरच्या पुलापर्यंत. आणि लग्न होऊन जाणारी मुलगी किंवा पलटणीत निघालेला मुलगा असेल तर घरच्या कर्त्याने थेट खाली डांबरी रस्त्यापर्यंत जायचं, जिथे दुधाचे कॅन ठेवायचा ओटा आहे तिथे. चालताना पैशाचं, भांडणाचं, दुखण्याखुपण्याचं बोलायचं नाही. हवा कशी आहे, गवत कसं आहे, एवढंच. दारातून कोणाला एकटं जाऊ दिलं तर त्याचा अर्थ खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

वीसेक वर्षांपूर्वी आई गेल्यावर वर्ष व्हायच्या आत इनाला विद्यापीठात जागा मिळाली. वडील म्हणाले, घर कोण बघणार? ती म्हणाली, मी नाही बघणार. मोठं भांडण झालं. निघायच्या दिवशी ती ट्रंक घेऊन खाली आली तेव्हा वडील शेकोटीपाशी मोज्यांवर बसले होते, बूट बाजूला काढून ठेवलेले. "बरं तर," ते म्हणाले आणि विस्तवाकडे बघत राहिले. ट्रंक तिने एकटीने रस्त्यापर्यंत ओढत नेली. त्यानंतर ती कितीतरी वेळा घरी आली आणि परत गेली. दर वेळी तेच. "बरं तर," आणि तोंड विस्तवाकडे. हा विषय तिने काढला नाही आणि त्यांनीही नाही. वरवर सगळं ठीक होतं, पण हे तिला आतून कुरतडत होतं.

म्हणून त्या शनिवारी ती बसमध्ये बसली ती मनाशी एक भलताच करार करून. या वेळी बाबांनी मला सेट केलं तर सोमवारी जाऊन खरं सांगायचं. नाही केलं तर असू दे ती कट्यार. शास्त्राला धरून नव्हतं हे, तिला चांगलं कळत होतं. पण चाळिशी उलटली तरी माणूस काही बाबतीत अकराच वर्षांचं राहतं.

घरी पोचली तेव्हा तिचे वडील वॉल्टर टेल्फर, खोऱ्यातल्या लोकांचे वॉट, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते. इनाने वसंतात पाहिले होते त्याच्या निम्मे झाले होते. कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. कुत्रा उठला, शेपूट हलवून पुन्हा त्यांच्या पायावर पडला.

"आलीस?" ते म्हणाले. "वजन कमी झालंय तुझं. शहरात खायला देतात का नुसतं वाचायला?"

"स्वतःकडे बघा आधी!"

"मी म्हातारा आहे. मला शोभतं."

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. बेलाआत्या पातेल्यातला रूबार्बचा जॅम ढवळत होती. आत्या विधवा झाल्यापासून भावाचं घर सांभाळत होती आणि दोघांचं दिवसभर उणंदुणं चालायचं. थंड बशीवर जॅमचा थेंब टाकून ती बोटाने ढकलून बघत होती.

"मेला सेट होईल तर शपथ," ती म्हणाली. इनाने कानांवर हात ठेवले.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही, आत्या. ऑफिसातली दुखणी."

"तुझं ऑफिस म्हणजे काय आहे ते मला आजपर्यंत कळलं नाही बघ. शेजारची मेग विचारत होती, इना काय करते? मी म्हटलं, बोलण्याचे अर्थ लिहिते. ती म्हणाली, बोलणाऱ्यांना माहीत नसतात का?"

"नसतात बऱ्याचदा," इना म्हणाली. आत्याने "शिकली बाई" अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं आणि जॅममध्ये लिंबू पिळलं.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. एका मेंढीचा खूर सडला होता तो त्यांनी कापून साफ केला, चहा घेतला, दोन स्कोन खाल्ले आणि उठले. त्याबरोबर वडीलही उठले. उठताना टेबलाची कड धरावी लागली, पण उठले.

"चला डॉक्टर, पुलापर्यंत सेट करतो तुम्हाला."

"अहो वॉट, राहू द्या. माझी गाडी फाटकापाशीच आहे."

"मग गाडी हळू चालवा."

आणि खरोखरच डॉक्टरांनी गाडी सुरू केली, काच खाली केली, आणि चालत्या माणसाच्या वेगाने ती उतारावरून नेली. वडील खिडकीच्या बाजूने चालत होते. दोघं गवताबद्दल बोलत होते. इना खिडकीतून बघत होती. मोटारीत बसलेल्या माणसाला सुद्धा सेट करतात! तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचा रागही आला. परत येताना म्हातारा दोनदा भिंतीला टेकून थांबला.

"ऐकत नाही," आत्या मागून म्हणाली. "छातीत दुखतं. डॉक्टरने, म्हणजे माणसांच्या डॉक्टरने, चढ चढायचा नाही म्हणून बजावलंय. पण लोक काय म्हणतील, टेल्फरने माणसाला दारातून पाठवलं!"

"हो ना," इना म्हणाली. "लोक काय म्हणतील."

तिच्या आवाजातली धार आत्याला कळली असावी. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात जॅम उतू गेला.

रविवारचा दिवस असाच गेला. सकाळी इनाने वडिलांबरोबर जाऊन कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं. म्हणजे खिळे तिने ठोकले आणि चुका त्यांनी काढल्या. जेवायला मटणाचं सूप आणि लीकचं पुडिंग होतं. सहाच्या सुमाराची बस होती. पाच वाजून गेल्यावर तिने बॅग भरली, आत्याने जॅमच्या बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. इना कोट चढवून मागच्या दारापाशी आली आणि सवयीने म्हणाली, "निघते मग."

"बरं तर" ऐकायची तिची तयारी होती. ते आलं नाही. तिने वळून पाहिलं तर वडील शेकोटीपाशी वाकून बूट चढवत होते. एक बूट पायात होता आणि ते लेस बांधत होते. वाकल्यावर दम लागत होता म्हणून जमत नव्हतं.

"वॉट," आत्या हळूच म्हणाली, "हे काय करतोयस?"

"इनाला रस्त्यापर्यंत सेट करतो."

इनाच्या हातातली बॅग खाली आली. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं मुकाट्याने, रविवारच्या भांड्याकुंड्यांत समोर उभं होतं. पण आत्या मटकन खुर्चीत बसली आणि तिने एप्रन डोळ्यांना लावला.

"नको रे असं करूस," आत्या म्हणाली. "पोरीला पाहुणी करतोस होय?"

"आत्या, करू दे त्यांना!" इनाचा बांध फुटला. "इतक्या वर्षांत एकदा तरी करू दे! काल त्या डॉक्टरला केलंत. पाद्र्याला करता, टपालवाल्याला करता, शिलाईमशीन विकायला आलेल्या त्या माणसाला केलंत, त्याचं मशीन घेतलं सुद्धा नाही! मी ट्रंक घेऊन गेले तेव्हा तुम्ही बूट काढून बसला होतात. मी काय घोडं मारलं होतं तुमचं, बाबा?"

वडिलांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मेंढरं मोजताना एखादं जास्त भरलं की ते जसे बघायचे तसे बघत होते.

"तुला?" ते म्हणाले. "तुला कशाला सेट करायचं? तू घरची."

"मी घर सोडून निघाले होते!"

"म्हणून तर. सेट केलं असतं तर तू गेलीस असं झालं असतं." ते थांबले, श्वास घेतला. "रागावलो होतो, नाही म्हणत नाही. राग हिवाळ्याच्या आत निघून गेला. पण बूट काढले होते ते रागाने नव्हते काढले. बूट पायात असते तर मी उठलो असतो."



"तुझी चुलतबहीण पेग," ते पुढे म्हणाले. "लग्नाच्या दिवशी बापाने रस्त्यापर्यंत सेट केली. आता माहेरी येते ती पुढच्या दाराने. हॅट घालून. दार वाजवून. बापाच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसते. आणि माझा भाऊ अँड्र्यू पलटणीत निघाला तेव्हा आमच्या बापाने त्याला सेट केलं, सगळं रीतसर, त्या ओट्यापर्यंत. तो आलाच नाही परत. बाप मरेपर्यंत म्हणत होता, मीच पोचवून आलो त्याला. मी ते सगळं बघितलंय. तुला सेट करणार होतो होय मी? तू मागच्या दाराने येतेस, चहाची किटली न विचारता चढवतेस. मी मनात म्हणायचो, बघा, पोरगी बाहेर गेलीये जराशी."

"मला वाटलं—" इना म्हणाली, आणि पुढचं तिला सांगता येईना. काय वाटलं ते सगळ्यांना कळलंच होतं. त्यांच्या खोऱ्यात लग्नाशिवाय आणि पलटणीशिवाय बाहेर पडलेली ती पहिलीच. तिच्यासारखीचं काय करायचं याची रीतच नव्हती. वडिलांनी आपल्या अकलेने एक रीत काढली होती आणि सांगायची मात्र राहून गेली होती. टेल्फरांच्या घरात सांगायच्या गोष्टी राहूनच जायच्या.

"मग आज का?" तिने विचारलं.

उत्तर आत्याने दिलं. "घर सोडतोय आम्ही. नोव्हेंबरात. जमीनदाराच्या माणसाला कळवलंय. वॉटच्याने आता होत नाही गं मेंढरांचं. रॉथबरीला सरकारी घर मिळतंय, दोन खोल्यांचं."

"मागचं दारसुद्धा नाही त्याला," वडील म्हणाले. जमीन, मेंढरं, घर, सगळं गेल्यापेक्षा त्यांना हेच जास्त लागलेलं दिसत होतं. "घरच राहत नाही तर तुला घरची कुठून म्हणू? म्हटलं, अजून चालवतंय तोवर एकदा रीतसर करावं. नाहीतर पोरगी म्हणेल, बापाने मान नाही दिला." ते पुन्हा लेसच्या मागे लागले. "आत्ता म्हणालीसच की."

इना त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिने त्यांचे हात बाजूला केले आणि अर्धी बांधलेली लेस सोडायला सुरुवात केली.

"काय करतेस? उशीर होईल. बस जाईल."

"जाऊ दे."

"ऑफिस आहे ना तुला उद्या?"

"बाबा, गप्प बसा जरा. गाठ पडलीये." गाठ खरंच पडली होती, आणि तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिने बूट ओढून काढला, दुसऱ्याच्या शेजारी शेकोटीपाशी ठेवला. "मला सेट करायचं नाही. आजही नाही आणि त्या दोन खोल्यांतूनही नाही. मी येत्या शनिवारी येतेय. मेंढ्यांची लोकर कापायची आहे ना? घरचं कोणी नको का हाताशी?"

"तुला कात्री धरता येत नाही," वडील म्हणाले.

"मग चहा करीन."

"तोही बेताचाच करतेस."

"आणि मागचं दार नसलं तर खिडकीतून येईन तिथे."

"येईल ही," आत्या एप्रनमधून म्हणाली. "लाज आहे कुठे हिला."

वडील मोज्यांवर बसले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे ठेवल्यासारखा केला आणि उचलला; टेल्फरांत यापुढे कोणी जात नसे. मग त्यांनी तोंड विस्तवाकडे फिरवलं. इना बॅग घेऊन एकटीच निघाली. फाटक ओलांडलं, पूल ओलांडला, आणि रडत रडत, जॅमच्या बाटल्या खडखडवत उतारावरून धावली. त्या वयाच्या बाईने तसं धावू नये. बस मिळाली. कंडक्टरने विचारलं, कोणी गेलं का घरातलं? ती म्हणाली, नाही, सगळे आहेत.

सोमवारी पिनकसाहेब यायच्या आधी ती टेबलाशी बसली होती. त्या लहान ढिगावर एक नवी चिठ्ठी होती. 'इनाला रस्त्यापर्यंत सेट करतो.' खाली वॉल्टर टेल्फर, मेंढपाळ, आणि रविवारची तारीख. त्याखाली तिची सही.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली.

"शुक्रवारी तुम्ही म्हणालात, ऐकला नाही."

"खोटं बोलले होते, साहेब."

कोशाच्या ऑफिसात खून केल्याची कबुली याहून सोपी गेली असती.  नोकरी जाईल असं इनाला वाटलं, आणि गेली असती तरी चूक कोणाची हे स्पष्ट होतं. साहेबांनी खोडरबर घेऊन कट्यार पुसली, कागदावर फुंकर मारली. "पुन्हा नको," एवढंच म्हणाले.

"नाही करणार. आणि साहेब, व्याख्येत एक ओळ वाढवायची आहे."

"आता? जागा नाही, मिस टेल्फर. रकाना भरलाय."

"बिज्जूच्या बिळातली एक ओळ कमी करते मी."

त्यांनी हात पुढे केला. तिने कागद दिला. व्याख्या तीच होती: निघालेल्या पाहुण्याबरोबर मानाने काही अंतर चालत जाणे. त्यापुढे तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: घरच्या माणसांना करत नाहीत.

"जुन्या एकाही चिठ्ठीत हे नाही," साहेब चिठ्ठ्या चाळत म्हणाले. "हे कशावरून लिहिलंत?"

"माझ्यावरून," इना म्हणाली.